एका अंगाची राणी

माझं लग्न होऊन, पोरंबाळं होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका लांबच्या पाहुण्याने माझ्यादेखत माझ्या सासऱ्यांना विचारलं, "जावई कसा काय निघाला?"

मामा तंबाखू मळत होते. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. मळता मळता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान जरा वाकडी करून, उजेड माझ्या कुठल्या गालावर पडतोय ते बघावं तसं. मग म्हणाले, "अजून तरी खोटा न्हाई निघाला."

पाहुण्याला वाटलं, सासऱ्या-जावयाचं काहीतरी बिनसलंय. मला मात्र त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं. मामांकडून याहून मोठी पदवी कुणालाच मिळालेली नव्हती. 'खरं' हा शब्द ते वापरतच नसत. भाजी झकास झाली की "भाजी खोटी न्हाई", पाऊस वेळेवर आला की "औंदाचा पाऊस खोटा न्हाई." थोरल्या नातवाच्या बारशाला पाळण्यात वाकून एवढंच म्हणाले, "खोटं दिसत न्हाई." माझी बायको त्यावर दोन दिवस रुसून होती.

नंदिगड्ड्याला मामांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराच्या पडवीत मांडलेली चार पोती, सुक्या मासळीची टोपली आणि दोरीवर टाकलेली लुगडी. रानातले शेतकरी मध, शिकेकाई, हिरडा घेऊन यायचे आणि मीठ, गूळ, तंबाखू घेऊन जायचे. नाणं दिसायचं ते लाकूडतोडीच्या मोसमात. दुकानाच्या तोंडाशी एक गुळगुळीत काळा दगड होता. आलेला प्रत्येक रुपया मामा त्यावर वाजवून घेत. खोटा निघाला की खिळ्याने उंबऱ्याला ठोकत आणि आणणाऱ्यालाच म्हणत, "आता ह्याच्यावर पाय देऊन आत या." ही रीत आमच्या भागात बऱ्याच दुकानदारांची होती. पण मामांच्या उंबऱ्याचं लाकूड शोधावं लागायचं.

हे वेड त्यांनी मुंबईहून आणलं होतं. तरुणपणी बापाशी भांडून ते तिकडे गेले आणि काही वर्षं टाकसाळीच्या भट्टीवर राबले. लोक मुंबईहून येताना ट्रंक आणतात, मामांनी एक हुरहुर आणली. तिच्याबद्दल त्यांना विचारावं लागत नसे. पाहुणा पाटावर टेकला की सुरू.

"नवीन ठसा कोरला का लगीच रुपये पाडत न्हाईत, पाव्हणं. आदी शिशाच्या चकतीवर मारून बगायचं. मग तांब्यावर, मग चांदीवर. एकच अंग मारायचं, मागली बाजू कोरी. नाक नीट उठलंय का, अक्षरं भरल्यात का, ते बगाय. साहेब भिंग लावायचा. त्यानं मान हलवली का झालं. मग ती चकती कशाला पायजे? भट्टीत." इथे ते आपले तळहात समोर धरून बघायचे. "ह्या हातानं टाकल्यात मी. कोरी करकरीत. बाजार बगायच्या आदीच गेली."

एवढं बोलून ते असे गप्प व्हायचे की समोरच्याने सुतक धरावं.

त्यांचं म्हणणं होतं, सगळीच काही भट्टीत गेली नसणार. एखादी चकती कुणा साहेबाच्या खिशात गेली असेल, एखादी टेबलाच्या खणात राहिली असेल. ती हुडकायची. आता मुंबईच्या टाकसाळीतून निसटलेली चकती हुडकायला माणसाने कुठे जावं? मामा नंदिगड्ड्याला बसून हुडकत होते. तिथे धड चालणारा रुपयासुद्धा वाट चुकल्यासारखा यायचा.

तरी त्यांच्याकडे अशी काही नाणी होती. नारळाच्या करवंटीत कापूस घालून त्यात ठेवलेली. बहुतेक सगळी उळवीच्या जत्रेत मिळालेली. जत्रेला घाटावरून गाड्या भरभरून लोक येत. कुणाच्या कनवटीला आज्याने ठेवलेलं चमत्कारिक नाणं असायचं, ते मामा मीठ-गुळाच्या बदल्यात घेत. पण लोकांचा संग्रह वर्षागणिक वाढतो, मामांचा घटायचा. थंडीत सकाळच्या उन्हाला बसून ते एकेक नाणं पुन्हा तपासत. गुंजा टाकून तोलत, जिभेला लावत, कडा उन्हात फिरवत. ओतून केलेल्या नाण्याच्या तोंडावर बारीक भोकं असतात, देवी येऊन गेलेल्या माणसासारखी. ठशाखाली दाबलेल्या नाण्यात धातू सरकतो, भाकरी थापताना पीठ कडेला सरकतं तसा, आणि अक्षराच्या पायथ्याशी धार राहते. कुणी लबाड साध्या रुपयाची एक बाजू घासून कोरी करतो. त्याच्या पाठीवर कानशीचे ओरखडे असतात आणि वजनातही तो मार खातो. हे सगळं मामांनी मला इतक्या वेळा शिकवलं की मी लाकडाच्या वखारीतला कारकून असून स्वप्नात ओंडक्यांच्या कडा तपासायचो.

तर दर थंडीत एखादं नाणं करवंटीतून उंबऱ्यावर जायचं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून ठोकण्याचा आवाज ऐकायच्या आणि विचारायच्या, "कोण वारलं?"

एकदा जत्रेत धारवाडकडच्या एका गाडीवाल्याने मोठ्या गुपिताने चिंधी सोडून एक पिवळी चकती दाखवली. मामांनी ती जिभेवर ठेवली, थुंकले आणि जत्रेच्या गर्दीत ओरडले, "खोट्टी!" कानडी माणसाला कानडीतच कळावं एवढी सभ्यता त्यांनी पाळली. ती चकती कुठल्याशा शिपायाच्या कोटाचं बटण होती. गाडीवाला चाबूक घेऊन उठला, तर मामा शांतपणे म्हणाले, "बटण म्हून झकास हाय की."

माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा, माझ्या आईने नवरीसाठी नेलेले चांदीचे तोडे त्यांनी सगळ्यांसमोर दगडावर वाजवून पाहिले. आई भडकली. "सोयरीक कराय आलाय का चांदी इकत घ्याय?" मामा म्हणाले, "इहीणबाई, तोडं खोटं न्हाईत. पोरगा बी वाजवून बगितला असता, पर बरं दिसत न्हाई." मी त्या वेळी तसा भरलेला होतो. वाजवला असता तर आवाज बोदाच आला असता.

मामांच्या गोष्टी मी घरात पोरांना सांगतो तेव्हा इथवर सांगतो. पोरं हसतात, मीही हसतो, आणि मग मला काहीतरी काम आठवतं. दिग्गीची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही.

दिग्गी म्हणजे रानाच्या पोटातलं गाव. तिथला सोमा नावाचा एक शेतकरी पावसाच्या तोंडाला दुकानात नारळ आणि कापूर घ्यायला आला. मी तेव्हा बायकोला न्यायला आलो होतो. बोलता बोलता सोमा फुशारकीने म्हणाला, "आमच्या देवीच्या टाकावर अक्षरं हायत. सगळ्या गावात कुणाच्या टाकावर न्हाईत."

टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा लहानसा पत्रा. पुढून देवाची मूर्ती उठवलेली, मागून कोरा. घरोघरी असतात, पण त्यांच्यावर अक्षरं नसतात. मामांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"जाड हाय का पातळ?"

"रुपयाएवढा हाय की."

"गोल?"

"गोल. माझी आये म्हायेरासनं घेऊन आली ती."

"घाटात रेल्वेचं काम चाललं हुतं तवा आयेचा बा..."

"तितंच हमाल हुता. तुमास्नी कसं ठाव?"

साहेबाच्या खिशातली चकती या रानात यायची तर रेल्वेच्या साहेबांबरोबरच, असा हिशेब मामांनी केव्हाच करून ठेवला होता. सोम्याला नारळाबरोबर गुळाचा खडा फुकट दिला. मामी आतून बघतच राहिल्या.

पुढे पाऊस लागला आणि वाटा बंद झाल्या. तो पावसाळा मामांनी कसा काढला ते मामींनाच ठाऊक. "बाळंतीण बाई एवढी फेऱ्या घालत न्हाई," त्या म्हणायच्या. दिवाळी सरल्यावर मी सासुरवाडीला गेलो, तर मामा काठी घेऊन तयारच. "चला पाव्हणं, जरा पाय मोकळं करून येऊ." ते पाय वाटेत एक मुक्काम करून दिग्गीला मोकळे झाले. माझ्या पिंढऱ्यांना लागलेल्या जळवा वेगळ्याच.

सोम्याचं घर शेणाने सारवलेलं, अंगणात भाताचं खळं. आम्ही पोचलो तेव्हा पडवीत एक बाई रडवेली बसली होती. तिची म्हैस रानातून परतली नव्हती. सोम्याची आई, वाकलेली, काडीसारखी म्हातारी, देव्हाऱ्यासमोर टाक घेऊन बसली होती. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तिने टाकावर एक डावीकडे, एक उजवीकडे चिकटवली आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली, शेजारणीशी बोलावं तसं. थोड्या वेळाने उजवी पाकळी गळली. म्हातारी म्हणाली, "मिळंल. पाण्याच्या वाटंला बघ, जा." बाई डोळे पुसून उठली. कौल मिळाला होता.

"म्हशीपास्नं लग्नापतोर सगळं हिलाच इचारत्यात," सोमा आम्हाला अभिमानाने सांगत होता. ते दिसतच होतं. आमच्याकडे विधवा बाईला शुभकार्यात कोपऱ्यात बसवतात. या म्हातारीला पाट मांडून मधे बसवत, कारण देवी तिची होती. सून तिला आधी वाढत होती. येणारा-जाणारा तिच्या पाया पडत होता. तो मान त्या टाकाचा होता, आणि टाकाखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं.

मामांनी टाक बघायला मागितला. म्हातारीने तबक पुढे धरलं, पण हात लावू दिला नाही. कुंकवाचा थर इतका की चेहरा कळत नव्हता. मामा म्हणाले, "आये, जरा पालथा करतीस?" तिने केला. पाठ कोरी, तुळतुळीत. "उजेडाला धर की." तिने धरला. मी मामांचा चेहरा बघत होतो. त्या चेहऱ्यावर मी तसलं काही आधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही.

"माझा नवस हाय," ते म्हणाले. "देवीची तुला करायची. चांदीनं."

म्हातारी घुटमळली. "देवीला तोलायचं?"

"देवाला तोलत्यातच की, आये."

नवस ते खरंच बोलले होते का, मला माहीत नाही. पावसाळाभर घातलेल्या फेऱ्यांत बोलले असतीलही. त्यांनी पिशवीतून लहान तराजू काढला. म्हातारीने स्वतःच्या हाताने टाक एका पारड्यात ठेवला. मामांनी कनवटीतला जुना राणीछाप रुपया दुसऱ्यात टाकला. दांडी हलली, डुलली आणि जवळजवळ समतोल थांबली. टाकाचं पारडं केसभर वर. मामा पुटपुटले, "एवढं घासून गेलंय. पूजंत."

आणि मग ते ओरडले. "खरं! पाव्हणं, खरं हाय!"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"काय खरं?" सोम्याने विचारलं.

मी मामांच्या अंगरख्याला मागून ओढलं. ते म्हणाले, "वडू नका, पाव्हणं, तुमी बी बगा." लहान पोरासारखे ते गुडघ्यांवर पुढे सरकले होते. "सोमा, अरं टाकसाळीचा ठसा हाय ह्यो! एका अंगाची राणी! भट्टीतनं वाचलेली! ह्यो बग." आणि त्यांनी पारड्यातला रुपया उचलून सोम्याच्या हातावर ठेवला.

सोम्याने रुपया बघितला. मग त्याने टाक उचलला आणि अंगठ्याने कुंकू पुसलं. तेच नाक, तोच मुकुट, तीच मागे बांधलेली वेणी. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

"आये," तो म्हणाला, "ही मडम हाय?"

म्हातारीने त्याच्या हातातून टाक घेतला, पदराखाली धरला आणि आत गेली.

एवढ्यावरही मामांना कळलं नाही. ते म्हणाले, "मला द्या ती. बदली चांदीचा झकास टाक करून देतो, वजनाला भारी."

"उठा," सोमा म्हणाला. "उठा आता तुमी."

परतीच्या वाटेवर मामा खाली मान घालून पुढे चालत होते. मला वाटलं, मनाला लागलं असेल. मग म्हणाले, "कडा बगितलीसा न्हवं तुमी? कसली धार हाय अजून!"

लागलं ते नंतर, आणि हळूहळू. दिग्गीची माणसं मिठाला येत आणि एकेक बातमी टाकून जात. गावकऱ्यांनी बैठक घेतली. त्या वर्षी सोम्याचा बैल वाघाने नेला होता, त्याच्या आदल्या वर्षी तापात एक नातू गेला होता. इतके दिवस त्याला नशीब म्हणत होते, आता कारण सापडलं. मडमेला निवद दाखवल्यावर दुसरं काय होणार? टाक विकता येत नाही, घरात ठेवता येत नाही. गावाबाहेरच्या डोहात तो सोडून दिला. काळी नदी तिथेच उगम पावते, डोह म्हणजे ओढ्याला पडलेली एक खळी, पण चांगली खोल. म्हातारीच्या हातचा कौल बंद झाला. पुढच्या लग्नात तिला कुणी बोलावलं नाही.

एक दिवस सोमा स्वतः आला, मधाचं भांडं घेऊन. "मामा, त्या दिशी रागानं बोललो," तो म्हणाला. "तुमी आमचं डोळं उगडलासा. गावानं धाडलाय ह्यो मध."

"आन आये?" मामांनी विचारलं.

"बसल्या पडवीत. बोलत न्हाई कुणासंगं."

ते भांडं बरेच दिवस कोनाड्यात तसंच होतं. मुंग्या लागल्या तेव्हा मामींनी ते उचललं आणि त्याच पावली आपले चांदीचे वाळे काढून मामांच्या पुढ्यात टाकले. "ह्याचा टाक करून द्या त्या बाईला. तिचा देव बुडवलासा, आता माजी चांदी बी बुडवा."

सुप्याच्या सोनाराकडे मामा स्वतः बसून राहिले. देवीचं नाक तीनदा बदलायला लावलं. सोनार मला म्हणाला, "तुमचे सासरे हायत म्हून, न्हाईतर हातोडी घातली असती."

उन्हाळ्यात आम्ही पुन्हा दिग्गीला गेलो. म्हातारी अंगणाच्या कडेला सावलीत कोकमं फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. घरात दुसरं कुणी नव्हतं. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि फडक्यातला टाक पुढे ठेवला. तिने हात लुगड्याला पुसले, टाक घेतला, पुढून बघितला, पालथा करून बघितला.

"बरा हाय," ती म्हणाली.

"घे आये. माझ्याकडनं चूक झाली."

"कसली चूक? राणीच हुती की ती. मला ठाव हुतं."

मामांनी मान वर केली.

"सायबानं दिली बापूसला. म्हणाला, बाजारात चालायची न्हाई, पोरीला खेळाय दे. बापूस म्हणायचा, ही राणी, साता समिंद्रापल्याड असती. मी खेळले तिच्यासंगं. लगीन ठरलं तवा घरात टाक न्हवता द्यायला. रित्या हातानं पोरगी कशी धाडायची? बापूसनं हिलाच कुंकू लावलं." ती कोकमाच्या बिया बाजूला सारत होती. "हितं आले तवा मला बोलाय कोण न्हवतं. सासू मारायची. मी रानात लाकडं आणाय गेले का हिच्यासंगं बोलायचे. ती आयकायची. मग पोरं झाली, मेली, जगली. सगळं तिला ठाव. गाव इचाराय लागलं ते लई मागनं."

"मग आये, सोम्याला सांगायचं हुतंस..."

"काय सांगू? तुमी तर खरंच बोललासा." तिने पहिल्यांदाच मामांकडे नीट पाहिलं. रागाने नाही. मला वाटतं, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "पर पाव्हणं, तुमास्नी इचारलं हुतं कुणी?"

आयुष्यभर लोकांनी न विचारता मामांनी सांगितलं होतं.

म्हातारीने टाक फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात परत दिला. "ह्यो घेऊन जा. नवा हाय. ह्याला सगळं पैल्यापास्नं सांगायचं म्हंजे तेवढी वर्सं माझ्याकडं न्हाईत."

तो टाक आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. बायको रोज पूजा करते. मामींचे वाळे म्हणून करते का देवी म्हणून, मी कधी विचारलेलं नाही.

त्यानंतर मामांनी दगडावर नाणी वाजवणं सोडलं. कुणी काहीही दिलं तरी गल्ल्यात टाकत. दोन-तीन वर्षांत त्यांच्या दुकानात सगळ्या तालुक्याची खोटी नाणी गोळा झाली असतील. लोक म्हणाले, म्हातारपण आलं. करवंटी कुठे गेली, मामींनाही ठाऊक नव्हतं.

आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते दिग्गीला जायला लागले. डोहात कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, बांबूच्या चाळणीने तळाची रेती उपसायची, बोटांनी चाळायची, परत टाकायची. गावची पोरं काठावर बसून हसत. माझ्याही कानावर आलं, आणि मला संतापच आला. मी मुद्दाम गेलो आणि वयाचा मान न ठेवता म्हणालो, "मामा, एवढं होऊनसुद्धा त्या नाण्याचा नाद सुटत नाही तुमचा?"

ते चाळणीतून बघतच बोलले. "मला कशाला पायजे? म्हातारीला न्हेऊन द्यायची हाय. गाव गोळा करायचं आन सगळ्यास्नी सांगायचं, माझी नजर चुकली. ही राणी न्हवं. मला काय कळत न्हाई."

"पण ती तर खरी होती."

"व्हय," मामा म्हणाले. "म्हून तीच सापडाय पायजे. दुसरी न्हेली तर म्हातारी वळखंल."

मी काठावर पडलेली त्यांची काठी झाडाला टेकवून ठेवली आणि परत फिरलो.

असे काही उन्हाळे गेले. मग एकदा वखारीवर ओंडके घेऊन आलेल्या दिग्गीच्या गाडीवानाने सहज सांगितलं, सोम्याची आई गेली. मामा तेव्हा तिकडेच होते, पण डोहापाशी त्यांना कुणी काही सांगितलं नसणार. त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे. मी त्याच रिकाम्या गाडीतून निघालो.

सकाळची उन्हं डोहावर आली होती. मामा पाण्यात वाकलेले. त्यांची पाठ किती बारीक झाली होती ते मला तेव्हा दिसलं. मी काठावरून सांगितलं. ते सरळ झाले.

"कवा?"

"चार दिवस झाले म्हणे."

"कौल कोण लावतंय आता?"

"कुणी नाही. कौल बंदच आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता बाहेर येतील. मी हात पुढे केला. ते पुन्हा वाकले आणि चाळणी तळाला लावली.

"मामा," मी म्हणालो, "आता कुणाला द्यायची?"

ढवळलेलं पाणी निवळेपर्यंत ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, जरा बाजूला सरा. तुमची सावली पडत्या."

मी बाजूला सरलो. मग चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरलो.